आई आणि न मोडायची नोट

आमच्या घरात नोट मोडणं हा गुन्हा होता. मोडली की गेली, असं आईचं ठाम मत. बदलापुरात बेलवलीला आमच्या दोन खोल्यांत आई साड्यांना फॉल लावायची. बायका दहा-वीसच्या नोटा देत. पाचशे जमले की ती रिक्षास्टँडवर जाई. सुट्या पैशांसाठी रडकुंडीला आलेला एखादा रिक्षावाला पाचशेची नोट काढून द्यायचाच. अशा चार झाल्या की उल्हासनगरचा साडीवाला सेठ तिला दोन हजाराची गुलाबी नोट देई. ती एकदा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली की तिचा जगाशी संबंध संपला.

हे सगळं सोन्याच्या कुड्यांसाठी चाललं होतं. तिच्या जुन्या कुड्या माझ्या डिप्लोमाच्या फीसाठी विकल्या होत्या. डिप्लोमा झाला, पण नोकरी काही लागेना. मी आपला घरी बसून रोज "आई, वीस दे ना, पन्नास दे ना" करायचो. सुटे असले की ती द्यायची.

आठ नोटा झाल्या तेव्हा आम्ही उल्हासनगरला सोनाराकडे गेलो. कुड्या पंधरा हजार चारशेच्या निघाल्या.

"म्हणजे आठवी नोट मोडायची?" आई उठलीच. "बरोबर सोळा हजाराला बसतील तेव्हा येऊ."

सोनार चक्रावला. "माई, लोग भाव उतरने का इंतज़ार करते हैं, तुम चढ़ने का करती हो?"

भाव चढला, पण सोळावर थांबायचं सौजन्य त्याने दाखवलं नाही. आईची नववी नोट झाली तोवर तो अठराच्याही पुढे गेला. दोन वर्षं हीच पळापळ चालली. मी घरात तिची यथेच्छ टिंगल करायचो.

मग दोन हजाराच्या नोटा परत घेणार अशी बातमी आली. डब्यात तेव्हा अकरा होत्या. मला अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती, त्यामुळे अक्कलही आली होती. "बँकेतून पाचशेच्या घेऊन येऊ," मी म्हणालो. मी घर विकायला काढल्यासारखं आईने माझ्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

या वेळी बिल एकवीस हजार सहाशे झालं. सोनार चारशे परत देऊ लागला, तर आई ते घेईना. "ह्याचं काहीतरी द्या." शेवटी त्याने चांदीचं एक बारीकसं नाणं दिलं आणि हात जोडले.

आई कुड्या घालूनच बाहेर पडली. रिक्षाने स्टेशनला उतरलो. मी ऐटीत मोबाइल काढला, पण पेमेंट नुसतं गोल गोल फिरत राहिलं. रिक्षावाला म्हणाला, "कॅश दे ना भाई." पाकिटात एटीएम कार्ड सोडून काही नव्हतं.

"आई, वीस रुपये आहेत?"

तिने पर्समधून पन्नासची नोट काढून त्याला दिली.

जिना चढताना मी उगाच शहाणपणा केला. "तेव्हाच घेतल्या असत्या तर सहा हजार वाचले असते. एवढं काय असतं गं नोट मोडण्यात?"

"सुटे तू मागितलेस की मला नाही म्हणवत नाही," ती म्हणाली. "दोन हजार तू कधी मागितले नाहीस."

मला फार लाज वाटली. मी तिच्या कुड्यांकडे पाहिलं. तेवढ्यात रिक्षावाल्याने परत दिलेले तीस रुपये तिने माझ्या खिशात कोंबले.

"ठेव," म्हणाली, "लागतील."