नळाचे कुलूप आणि वाट चुकलेल्या पाहुण्या

मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून मनात साठलेले हे लिहून ठेवते आहे. कोणाला दाखवायचे नाही. पण लिहायला बसले तर आनंदाने हात थांबत नाही.

त्या हिवाळ्यात माझे प्रार्थनेत मन लागत नव्हते. पेठ रस्त्याला, नाशिक संपता संपता आमची ख्रिस्ती लोकांची वस्ती. मधोमध छोटे चर्च आणि चर्चच्या भिंतीला लागून पालिकेचा नळ. पलीकडच्या मोकळ्या जागेत सुरगाण्याकडची माणसे झोपड्या टाकून राहत. ती द्राक्षबागांच्या कामाला आलेली. नळाला पाणी फक्त सकाळी यायचे, तेही बारीक. हंड्याला हंडा लागायचा, भांडणे व्हायची. शेवटी आमच्या थोरल्या दादांनी नळाला पत्र्याची पेटी करून घेतली आणि तिला कुलूप ठोकले. थोरले दादा म्हणजे माझे थोरले दीर, चर्चचे पंच. आमच्या घरांचे पाणी भरून झाले की कुलूप बंद. "आपल्यालाच पुरत नाही," असे ते म्हणत, आणि ते खोटे नव्हते. तरी नळ काही आमचा नव्हता.

झोपड्यांतली जनी नुकतीच बाळंत झाली होती. तिची सासू पाटाचे हिरवट पाणी आणून तेच उकळायची, तेच तिला द्यायची. मी एकदोनदा पदराआड कळशी नेऊन दिली. ते थोरल्या जाऊबाईंनी बघितले. म्हणाल्या, "बाळंतपण तुझ्या नणंदेचं आहे वाटतं? आपल्या पोरांना काय, आंघोळी दुधानं घालायच्या?" त्यानंतर माझी कळशी बंद झाली. दादांना विचारायची तर सोयच नव्हती. आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचे नाही, काही सांगायचे तर पोरांकरवी. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी झोपड्यांतल्या माणसांनी निरोप पाठवला, की उद्या आम्ही कुलूप फोडणार. आमच्या पोरांनी लगेच चर्चच्या मागे बांबू आणून रचले. मला एकच दिसत होते. मारामारी झाली की मुकादम सगळ्यांना ट्रकमध्ये घालून हलवणार, आणि त्यात ती ओली बाळंतीण आणि ते कोवळे पोर. मी चुलीपुढे बसून प्रार्थना करायला गेले, पण शब्द निघेनात. देव ऐकतो का, असेही मनात आले.

दुसऱ्या दिवशी आमचा प्रथम फळाचा सण होता, पिकाचा पहिला वाटा देवाला आणायचा. कोणी विंचूरहून कांद्याची गोणी आणली होती, कोणी भोपळे, कोणी द्राक्षांचे घड. मागे आम्ही बायका भात शिजवत होतो. त्यातले तांदूळ घरोघरच्या मुठीचे. आमच्याकडे रोज भात टाकण्याआधी एक मूठ देवाची म्हणून डब्यात बाजूला काढायची रीत आहे. पातेल्यात उलथणे फिरवताना मला वाटले, ही मूठ देवाची म्हणून काढली, आणि आता आपणच पंगत मांडून आपणच खाणार. मग देवाला काय पोचले? असा विचार सणाच्या दिवशी यावा याचीच मला भीती वाटली.

त्या दिवशी उपदेशाला सिन्नरकडून एक वयस्क बाई येणार होत्या, पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या त्या. उपासनेची वेळ टळून गेली तरी त्यांचा पत्ता नाही. चर्चचे पाळकसाहेब एकामागून एक गीते म्हणवून घेत होते. पोरांचे लक्ष गीतांत नव्हते, नळाकडे होते. शेवटी दादा जाऊबाईंना म्हणाले, "तुझ्या जावेला पाठव रस्त्यावर बघायला. पाहुण्या वाट चुकल्या असतील."

मी जवळजवळ पळतच गेले. वळणावरच्या पानटपरीवाल्याला दबक्या आवाजात विचारले. तो म्हणाला, "चष्मेवाल्या आजी ना? जीपमधून उतरल्या, म्हणे पंगत कुठं आहे? मी सांगितलं, तिकडं बसलीय बघा." आणि त्याने हात केला तो झोपड्यांकडे.

जाऊन बघते तर जनीच्या बाळाची पाचवी. मोकळ्या जागेत माणसे ओळीने जेवायला बसलेली, पत्रावळीवर नागलीची भाकरी आणि सुकटीचे कालवण. मधोमध आमच्या पाहुण्या, मांडीवर बाळ, हातात घास. मला बघून आमच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाल्या, "सलाम, ये गं ये. उशीर केलास. आम्ही प्रार्थना करून सुरुवात केलीसुद्धा."

त्यांना वाटले हीच आमची मंडळी. सणाला झाडाखाली बसतात, साधी माणसे आहेत, असेच त्यांनी धरले होते. आणि झोपडीवाल्यांना वाटले, सरकारने बाळाला बघायला कोणी मोठी डॉक्टरीण पाठवली. जनी दारातून हसू दाबत मला म्हणाली, "मावशी, ही आजी तुमची आहा का? आमची सासू तिला पाय धुवाया सांगत होती, पन पानी कठलं द्यावं?"

मी काही बोलणार तेवढ्यात मागून आम्हाला शोधत माणसे आली. पाळकसाहेब, दादा, जाऊबाई, आणि त्यांच्यामागे ती पोरे. आमची पोरे बघून झोपड्यांतले गडी पत्रावळीवरून उठले. मला वाटले, झाले, आता पेटते.

पाहुण्या बाईंना कशाचाच पत्ता नाही. त्या बसल्या बसल्याच म्हणाल्या, "पाळकसाहेब, मंडळी फार प्रेमळ हो तुमची. मी न सांगता बसले तर ताटातली अर्धी भाकरी दिली मला. पण हे बघा." आणि त्यांनी पेला वर धरला. पाणी उन्हात हिरवे दिसत होते. "बाळंतिणीला हे पाजता? इथं नळ आहे म्हणतात आणि वर कुलूप आहे म्हणतात. कोणाचं कुलूप आहे?"

पाळकसाहेब दादांच्या बुटांकडे बघू लागले. दादा घसा साफ करून म्हणाले, "माझंच आहे. पण किल्ली घरी राहिली, बाई. नंतर बघू."

सकाळी सणाचा कोट घालताना त्यांनी किल्ली खिशात टाकली ती मी ओट्याजवळून बघितली होती. मी बोलायचे ठरवले नव्हते, देवाशपथ नव्हते. पण माझ्याच तोंडून आवाज आला, आणि चांगला मोठ्याने आला:

"दादा, कोटाच्या डाव्या खिशात आहे."

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. दादा वळून माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटले धरणी दुभंगली तर बरे. तेवढ्यात दारातून जनी फिसकन हसली. मग तिची सासू हसली, मग पाहुण्या बाई, मग आमचीच पोरे. दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डावा खिसा चाचपत ते म्हणाले, "हिला बोलता येतं होय? मला इतकी वर्षं वाटलं, भाऊ मुकी बायको करून आला." आणि किल्ली काढून नळाकडे निघाले.

सगळे मागोमाग. मला आठवले, दुपार झाली आहे, आता कुठले पाणी? दादांनाही आठवले असणार, कारण कुलूप काढून ते जरा थांबले. मग त्यांनी नळाची तोटी फिरवली. आधी नुसती हवा सुसू करत आली. मग नळ खोकल्यासारखा झाला. मग पाणी आले, सकाळी कधी येत नसे एवढे जाड. ते तेव्हाच का आले हे मी कोणाला विचारले नाही, अजूनही विचारत नाही. जनीची सासू भांडे विसरली होती. तिने पदर ओंजळीसारखा धरला आणि तो भिजवून तशीच झोपडीकडे धावत सुटली. मग जी काय धावाधाव झाली! आमच्या घरांतून हंडे, त्यांच्याकडून डबे, कोणाचा हात कुठल्या भांड्याला लागला ते कळेना.

दादा पोरांवर ओरडले, "बघत काय बसलात? पातेली इकडं आणा." पातेली तापलेली, धरायची कशी? मग पोरांनी चर्चमागचे ते बांबू आणले, कड्यांत घातले आणि खांद्यावर घेऊन भात झोपड्यांकडे आणला. एकच पंगत बसली. नागलीची भाकरी आमच्या ताटात, भात त्यांच्या पत्रावळीवर. दादा स्वतः वाढत होते. उपदेश झालाच नाही. नुसती एक छोटी प्रार्थना झाली, आणि बाळ मध्येच रडले म्हणून तीही लवकर आटोपली. देवाची मूठ कुठे पोचते ते मला त्या पंगतीत दिसले.

संध्याकाळी पाहुण्या बाईंना जीपपर्यंत सोडायला मी गेले. त्यांना अजून कळले नव्हते की या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. चालता चालता त्यांनी विचारले, "तुम्ही दरवर्षी असेच बाहेर, सगळे मिळून जेवता का गं?"

मी म्हटले, "नाही. या वर्षीपासून."

दुसऱ्या दिवशीही नळावर रांग होती आणि कुरबुरही होती. पाणी काही वाढले नाही. पण पेटी उघडी होती, आणि हंगाम संपेपर्यंत झोपड्यांतली माणसे राहिली. कुलूप लागल्यापासून मी देवाला, तुटक का होईना, सांगत होते, की दादांना स्वप्न दाखव, पाळकांच्या तोंडी शब्द घाल. त्याने तसे काही केले नाही. त्याने एका म्हातारीला वाट चुकवली आणि एका भित्र्या बाईला एक वाक्य दिले. आता मी मागते, पण कसे दे ते सांगत नाही. प्रभू, तुझे उपकार मोठे आहेत, आणि ते मला पोटभर जेवल्यासारखे आठवतात.