हार्मोनवाल्या वैजयंती मॅडम

एका लॅबमध्ये पुष्कळ वर्षं काढली की रिपोर्टांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. रिपोर्ट निदान कोणीतरी घेऊन जातं हो, किस्से आपल्यालाच सांभाळावे लागतात! त्यात आमच्याकडचे निम्मे चारचौघांत सांगण्यासारखे नसतात. उरलेले सांगते.

आमची लॅब ठाण्यात, एका हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला. काम काय, तर मूल होण्या-न होण्यामागे शरीरातले हार्मोन्स काय खेळ करतात ते शोधणं. प्रमुख डॉक्टर वैजयंती मॅडम. राहायला डोंबिवलीला, बोलणं शुद्ध आणि थेट. एम.एस्सी. करून मी त्यांच्याकडे लागले, ती अजून तिथेच आहे.

*

त्यांच्या सोसायटीत हळदीकुंकवाला मी एकदा गेलेले. कोणीतरी ओळख करून दिली, "या मूल होण्याचं औषध देतात हं!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "औषध नंतर. आधी मूल का होत नाही ते शोधते. पुष्कळदा कारण नवऱ्यात सापडतं."

मग वाण घेता घेता एक काकू हळूच त्यांच्याजवळ सरकल्या. "मॅडम, आमच्या जावईबापूंना तुमच्याकडे आणायचं कसं हो?"

*

तो प्रश्न आम्हालाही पडलेला. पुरुषांच्या वीर्याच्या तपासणीचा अभ्यास सुरू केला, तर यायला कोणी तयार नाही! एक जण आला तो हेल्मेट घालून. जाईपर्यंत काढलं नाही. त्यात नमुना द्यायची खोली म्हणजे बिनखिडकीची, कोंदट.

एक दिवस मॅडमनी स्वतःच्या केबिनमधला एसी काढून त्या खोलीत लावून घेतला.

मी म्हटलं, "मॅडम, आणि तुम्ही?"

"मला पंखा पुरे. अगं, लाज वाटणाऱ्या माणसाला निदान घाम तरी येऊ नये!"

हळूहळू माणसं यायला लागली. हेल्मेटवालासुद्धा परत आला. हेल्मेट हातात!

*

मॅडम ओपीडीतही बसतात. तिथे कळव्याच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या. "हिच्यातच दोष आहे," सुनेसमोरच म्हणाल्या.

"मुलगा कुठाय?"

"त्याला काय धाड भरलीय? रोज जिमला जातो. दंड बघा त्याचे!"

मॅडमनी त्या दंडांनाच बोलावून घेतलं. पहिलवान गडी. त्याला एकट्याला आत घेऊन विचारलं, "शरीर कमवायला इंजेक्शनं घेतोस का रे?" गड्याची मान खाली. ट्रेनरने दिलेली हार्मोनची इंजेक्शनं!

"बाहेरून आयतं मिळालं की शरीर म्हणतं, मग मी कशाला बनवू? शुक्राणूंचा कारखाना बंद पडतो, बाळा. ती इंजेक्शनं आधी बंद कर. आणि हे आईला तूच सांगायचंस, बायकोसमोर."

त्याने सांगितलं. इतका वेळ जमिनीकडे बघणारी सून तेव्हा कुठे मान वर करून बसली.

पुढे पेढे घेऊन आला तेव्हा गडी निम्मा झालेला. "मॅडम, दंड गेले!"

"जाऊ देत. आता उचलायचं ओझं तीन किलोचंच आहे!"

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. गर्भ टिकेल की नाही हे एका हार्मोनवरून आधीच ओळखता येईल, असा मॅडमचा अंदाज होता. आम्ही कित्येक वर्षं त्याच्यामागे. शेवटी निष्कर्ष आला. अंदाज साफ चुकलेला!

संकेत, आमचा पीएच.डी.चा विद्यार्थी, रडवेला झाला. "मॅडम, सगळं फुकट गेलं." एका जुन्या सहकाऱ्याने सल्ला दिला, "छापू नका. नाव खराब होईल."

मॅडमनी छापलं. "फुकट कसं? उद्या दुसरं कोणी याच गल्लीत शिरेल. तोंडाशीच पाटी लावू या, पुढे रस्ता नाही!"

त्या दिवशी त्यांचा चहा मात्र टेबलावर तसाच गार झालेला मी पाहिला.

*

टिटवाळ्याची एक बाई आमच्या अभ्यासात होती. उपचार करून करून थकलेली. जाईल तिथे एकच ऐकायची, "अजून एकदा करून बघू." मॅडमनी सगळे रिपोर्ट वाचले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता थांबा. तुमच्या शरीराने फार सोसलंय. यापुढे मी आशा दाखवली तर ती खोटी असेल."

बाई ताडकन उठली. "तुम्हाला काय जातंय बोलायला!" दार आपटून गेली.

पुढे बऱ्याच काळाने एका सकाळी तीच बाई दारात. मागे नवरा, आणि तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली एवढीशी मुलगी. दत्तक घेतलेली.

"तुम्ही थांबवलं नसतं, तर आम्ही हिच्यापर्यंत पोचलोच नसतो," एवढंच म्हणाली.

संकेत तिथेच उभा. भाबडेपणाने त्याने विचारलं, "मॅडम, मग अभ्यासात ही केस कशात धरायची? सक्सेस की फेल्युअर?"

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे! बाळ उठेल."