सिस्टरांची जीप आणि दोन बोटं

मला लिहायची सवय नाही. सिस्टरांनी हे वाचलं तर म्हणतील, "काय हो भाऊ, दुसरं काम नव्हतं?" तरी लिहितो, कारण त्या दिवशी जीपमध्ये मीही बसलो होतो.

सिस्टर म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतपणं करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, तीही दवाखान्याच्या एकाच जीपमधून. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच जीप भंगारातून उचलून आणली. खाली गॅरेज आणि वर माझी भाड्याची खोली, त्यामुळे माझी सकाळ रोज हातोड्याच्या आवाजाने उजाडायची.

चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, गंजून चाळण झाली होती. सिस्टर गेट बनवणाऱ्या वेल्डरकडे जाऊन वेल्डिंग शिकल्या आणि जाड पट्ट्या जोडून त्यांनी चासी पक्की केली. काम इतकं नेटकं, जणू जखमेला टाके घातलेत. प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा चढवला, टायर मोठे घेतले. गाडी उलटली तरी डोकी वाचावीत म्हणून सीटमागे जाड पाइपची कमान उभी केली.

हा सगळा खटाटोप सिस्टरांच्या थोरल्या बहिणीसाठी, ताईंसाठी. त्या वर पठारावर एकट्या राहायच्या. गुडघे गेलेले, आणि वाट अशी दगडाधोंड्यांची की साधी गाडी चढत नाही. उचलून आणू म्हटलं, तर त्यांनी ठणकावलं, "जिवंतपणी चौघांच्या खांद्यावरून मी यायची नाही. गाडी आण, नाहीतर मी इथेच बरी."

रविवारी त्यांना आणायचं ठरलं. ताई पहाटेपासून बॅग भरून दारात बसल्या होत्या आणि सारखा फोन करत होत्या, "निघालीस का?"

सिस्टरांनी इंजिन सुरू केलं, जीप मागे घेतली, आणि ठण्ण! कमान गॅरेजच्या दारावरच्या तुळईला अडली. माप घेतलेलं होतं, पण जुन्या जीपचं. नव्या पाट्यांनी आणि टायरांनी ती चांगली वीतभर उंच झाली होती.

टायरमधली हवा सोडली. तरी दोन बोटं कमी पडली.

"कमान कापा," आवाज ऐकून आलेला शेजारचा लाँड्रीवाला म्हणाला.

"आणि ताईचं डोकं?"

"मग तुळई फोडू," मदतीला आलेला वेल्डर म्हणाला.

सिस्टरांनी वर पाहिलं. "भाऊंचा पलंग खाली येईल की!"

मी जिन्यात उभा होतो. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, पण तोंडातून निघून गेलं, "माणसं बसवली तर?"

सिस्टर तडक गल्लीत आल्या. मग त्यांनी गल्लीभर हाका मारल्या. लाँड्रीवाल्याची बायको सगळ्यांत आधी चढली. "आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्या वजनाची गरज पडली!"

"मी रोज तेच म्हणतो," नवरा म्हणाला.

"तू गप बस आणि चढ."

पाच-सहा जण बसले, पण जीप ढिम्म. "बघा, पाटे दबत नाहीत!" सिस्टर आनंदाने ओरडल्या.

"अहो सिस्टर, ते दबायलाच हवेत ना आता!" वेल्डर म्हणाला.

आणखी चौघे कोंबले. मीही चढलो. माझं वजन ते काय, पण त्याच क्षणी जीप कण्हली आणि खाली बसली. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि जीप इंचाइंचाने बाहेर सरकली. अशा टाळ्या पडल्या, जणू बाळंतपण सुखरूप झालं.

हवा भरून सिस्टर निघाल्या. दिवस कलताना जीप परतली. धुळीने माखलेल्या ताई पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या होत्या. अख्खी गल्ली दारात पाहून त्यांनी विचारलं, "एवढी माणसं कशाला गं?"

"गाडी आत घ्यायची आहे. त्याशिवाय ती मावत नाही."

"मग मी कशाला उतरू?" ताईंनी बॅग मांडीवर घेतली. "चढा रे सगळे. आणि तुम्ही भाऊ, लाजू नका, इकडे पुढे या."