कार्डाची मागची बाजू

कार्डवाल्यांच्या घरात दोन फोन होते. एक मुलीने घेऊन दिलेला, खिशातला. तो वाजला की पलीकडे मुलगीच असायची. दुसरा जुना, तारेचा, शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर. तो वाजला की बायकोसाठी असायचा, आणि बायकोला जाऊन तर बरीच वर्षं झाली होती.

"शिलाईवाल्या ताई आहेत का?"

"बाहेर गेल्यात," कार्डवाले सांगायचे. ती आता नाही म्हटलं की माणूस चटकन फोन ठेवतं. बाहेर गेलीय म्हटलं की दोन शब्द जास्त बोलतं, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

"बाबा, किती दिवस बिल भरत बसणार?" मुलगी करवादायची. "रविवारी फोन बंद करायचा कागद घेऊन येते. सही करा आणि त्या डबड्याला मोकळं करा."

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे नाहीच असतं. सही करायचीय!"

आयुष्यभर त्यांनी कार्डं छापली. डॉक्टर, वकील, विमा एजंट, पंखे दुरुस्त करणारे, कुणाला म्हणून सोडलं नाही. अक्षराचा एकेक शिशाचा खिळा चिमट्याने जुळवायचा, पायाने मशीन मारायचं आणि जाड कार्डावर अक्षर असं उठवायचं की अंधारातही अंगठ्याला लागावं. गिऱ्हाईक आलं की त्यांचं पाल्हाळ ठरलेलं: "पूर्वी बड्या घरी आधी कार्ड आत जायचं. माणूस आपला दारात उभा. कार्ड बघून मग दार उघडायचं."

हे पुराण घरी लागलं की बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "साऱ्या गावाची दारं उघडून देता, अन् माझं एक कार्ड छापायला तुम्हाला सवड होईना!"

शेवटी छापलं. तिचं नाव, खाली 'घरगुती शिलाई', त्याखाली पत्ता आणि घरचा फोन. काम झाल्यावर नेहमीच्या शिरस्त्याने खिळे सुटे करून खणात टाकले आणि सगळा गठ्ठा तिच्या हवाली केला. स्वतःकडे एकही ठेवलं नाही. रोज समोर असलेल्या माणसाचं कार्ड कोण जपून ठेवतं?

बायकोने काय करावं? प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाची मापं लिहून ज्याचं त्याला द्यायला सुरुवात केली. पुढच्या खेपेला घेऊन या, पुन्हा टेप लावायला नको.

कार्डवाले भडकले. "अगं, कार्ड आहे ते, वाण्याचा चिठोरा नव्हे! मागची बाजू कोरी ठेवतात."

"कोरी ठेवून काय पूजायचीय? तुमच्याकडे येत असतील राजेरजवाडे. माझ्याकडे बायका दंड-कंबर घेऊन येतात."

गठ्ठा भराभर संपला. पुन्हा छापू, पुन्हा छापू म्हणेपर्यंत छपाईचं मशीन भंगारात गेलं, आणि मग तीही गेली.

मुलगी रविवारी कागद आणणार होती, त्याच आठवड्यात जुना फोन वाजला. एका बाईला कोट शिवणीत आत घ्यायचा होता.

"बाहेर गेल्यात."

"मग उद्या येऊ का? पत्ता आहे कार्डावर."

नको म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते "या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घर झाडलं. शिलाई मशीन पुसलं, उगाच दोन थेंब तेलही सोडलं. संध्याकाळी बाई आल्या. मुलीच्याच वयाच्या, हातावर कोट.

"ताई अजून आल्या नाहीत?"

"बसा," कार्डवाले म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले. "ती नाहीये. बरीच वर्षं झाली. काल फोनवर सांगायला हवं होतं मी."

"अहो काका, दोन बस बदलून आले मी!" बाईंचा आवाज चढला आणि तिथेच उतरला. "पाणी तरी देता का?"

पाणी पिऊन त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. "कोट माझ्या आईचा. गेल्या महिन्यात गेली. बटणांच्या डब्यात हे सापडलं."

कार्डवाल्यांनी नावावरून अंगठा फिरवला. अक्षर अजून लागत होतं. मग त्यांनी कार्ड उलटलं. छाती, कंबर, बाही, आणि तळाशी बारीक अक्षरात: उजवा खांदा किंचित खाली.

"तशीच चालायची आई," बाई म्हणाल्या. "जड पिशवी कायम त्याच हातात. आम्हा पोरांना कधी दिसलंच नाही. तुमच्या ताईंनी बरोब्बर हेरलं."

कार्ड काही त्यांच्या हातातून सुटेना. बाईंनी ते पाहिलं. "ठेवा ना तुम्हाला. तुमच्याच घरचं आहे."

तसं ते खिशापर्यंत गेलंही. मग कार्डवाल्यांनी पुन्हा एकदा पाठ वाचली आणि कार्ड बाईंपुढे धरलं. "नको. नुसता नाव-पत्ता असता तर तुमच्या आईने कधीच केरात टाकलं असतं. या खांद्यासाठी ठेवलं त्यांनी. तुमचंच आहे ते."

"मग फोटो पाठवू मोबाइलवर?"

"फोटोतलं अक्षर अंगठ्याला लागत नाही हो."

बाईंनी कोट उचलला. "हाही राहू दे असाच," म्हणाल्या, आणि गेल्या.

रविवारी मुलीने कागद पुढे सरकवला. कार्डवाल्यांनी तो घडी करून तिच्याच पर्समध्ये घातला.

"बाबा! कोण करणार आहे आता त्यावर फोन?"

"गावात बटणांचे डबे काय कमी आहेत?"

"काय?"

"काही नाही. चहा घे, निवतोय."

ती गेल्यावर त्यांनी खुर्ची स्टुलाशी ओढली. रिसीव्हर उचलून कानाला लावला. लाइन चालू असल्याचा आवाज येत होता. नीट जागेवर ठेवला. आता कुणाचा फोन आला तर बाहेर गेल्यात म्हणायचं नाही. जे आहे ते सांगायचं आणि म्हणायचं, कार्ड जरा उलटं करा, मागे काय लिहिलंय ते सावकाश वाचून दाखवा.

दिवे लागेपर्यंत ते तिथेच बसून होते. फोन काही वाजला नाही.