वैशूनं मोजलेला जोडतारा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. भानामती-बिनामती बोलणाऱ्या पोराला सरळ वर्गाबाहेर काढायचो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली आहे... तरी लिहितो.

भूकंपानंतरचा फेब्रुवारी. औसा रोडला पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं मोकळं अंगण. धाकटी बहीण वैशू बारावीच्या क्लाससाठी माझ्याकडे राहायची. भूकंपात मामाच्या गावी तिच्यावर भिंत पडली. जीव वाचला, डोळे गेले. फेब्रुवारीतल्या एका दिवशी लोह्याहून अण्णा, आमचे वडील, तिला न्यायला आले.

"डोळे न्हाईत अन् फिजिक्स कशाचं? उद्या सकाळच्या एसटीनं गावाकडं."

वैशू हटून बसली. "दादा, जायच्या आधी एकदा तारा मोजू दे की!"

माझ्याकडे छोटी दुर्बीण होती. तिच्या तोंडावर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला दोन फटी, एक सरकती. त्यातून ताऱ्यावर काळ्या-उजळ रेघा दिसतात. जोडतारा, म्हणजे एकच वाटणारे दोन तारे असले, तर फटी दूर नेताना ठरावीक जागी रेघा मिटतात — त्यावरून जोडीतलं अंतर निघतं. मोठ्या वेधशाळा याच युक्तीनं ताऱ्यांचा व्यास मोजतात.

संध्याकाळी साडेसातला पुनर्वसूतला जोडतारा धरला. मी डोळा लावला, वैशू फट सरकवत होती. रेघा मिटल्या की मी "थांब" म्हणायचं, असं ठरलेलं. मी तोंड उघडायच्या आत तिचा हात थांबला.

"मिटल्या ना, दादा?"

माझा श्वास ऐकला असेल, म्हणून पुन्हा केलं. तेच! तिसऱ्यांदा मी डोळाच लावला नाही, लांब अण्णांपाशी जाऊन उभा राहिलो. ती थांबली. जाऊन बघतो तर — एकही रेघ नाही. फटींमधलं अंतर तिन्ही वेळा तेवढंच, केसाचाही फरक नाही.

"कसं कळलं गं?"

"दिसलं न्हाई रे. बोटाखाली कायतरी गुणगुणून राहिलं होतं... एकदम गप झालं."

अण्णांनी टोपी काढली, मान वर करून लई वेळ बघत राहिले.

उजेडाला बोटाला कळेल एवढा जोर नसतो, हे मी स्वतः शिकवायचो. मग ते काय होतं? आजही मला माहीत नाही. सकाळच्या एसटीनं अण्णा एकटेच लोह्याला गेले.