कोरडे तांदूळ

रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसानं सोलापुरात राहू नये. हे मी रागानं म्हणतोय आणि पुरता विचार करूनही म्हणतोय. माझा गुप्तहेर भिंग घेऊन खिडकीखालची माती तपासतो, विडीच्या थोटकावरून माणूस ओळखतो, जिन्याच्या कोणत्या पायरीवर तेल सांडलंय ते वाकून बघतो. हे सगळं जुळवताना माझ्या डोक्याचा भुगा होतो. आणि पुस्तक छापून आलं की गल्लीतला पहिला वाचक मला अडवून विचारतो, "येवढा खटाटोप कशाला केला त्यानं? समद्यांना तांदूळ चारायचं की!"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे चोरी झाली की संशय असलेल्या सगळ्यांना ओळीनं बसवतात. मारुतीपुढं ठेवलेले तांदूळ चिमूट चिमूट प्रत्येकाच्या तोंडात घालतात, चावायला लावतात आणि पानावर थुंकायला सांगतात. ज्याचे तांदूळ ओले निघाले तो सुटला. ज्याचं कोरडं पीठ पडलं तो चोर. घरातली वाटी हरवो की मागावरचं रेशीम, इलाज हाच. मग माझ्या गुप्तहेराला विचारतो कोण?

छापखान्याचे मालक तर माझ्या मागेच लागले होते. "पुढच्या कादंबरीत एक तांदळाचं प्रकरण टाका हो, लई खपंल बगा," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. मी प्रत्येक वेळी चिडून नाही म्हणायचो. त्यांना वाटायचं, लेखक आहे, तऱ्हेवाईक असायचाच.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. तांदळाशी माझं वैर मराठी तिसरीपासूनचं आहे.

आमची शाळा पत्र्याची होती आणि चैत्रात त्या पत्र्याखाली पोरं भाजून निघायची. मास्तरांना तपकिरीचा नाद. सासऱ्यांनी दिलेली चांदीची डबी ते दर थोड्या वेळानं खिशातून काढायचे आणि मग अशी शिंक द्यायचे की पहिल्या रांगेतल्या पाट्या हलायच्या. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर त्यांनी खिशात हात घातला तर डबी नाही. आमची दप्तरं उलटीपालटी झाली, टोप्या झटकून झाल्या. डबी काही मिळेना. तेव्हा मास्तरांनी मारुतीच्या देवळातून तांदूळ मागवले.

आम्ही ओळीनं बसलो, प्रत्येकापुढं पळसाचं पान. माझ्या शेजारच्या पोराची लाळ बारा महिने गळत असे. तो काय, बसल्याबरोबर सुटला. मग मास्तर छडी घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. मी डबी घेतली नव्हती. पण मास्तरांचा मला इतका धाक होता की त्यांच्यापुढं पाढासुद्धा माझ्या घशात अडकायचा. तोंडात थुंकी म्हणून शिल्लक नव्हती. मी तांदूळ चावचाव चावले आणि पानावर पांढरंशुभ्र पीठ पडलं.

"मास्तर, मी न्हाय घेतली," मी रडत म्हणालो.

"मग तांदूळ खोटं बोलतात काय रे?"

याला उत्तरं आता पुष्कळ सुचतात, पण ऐकून कोण घेतो!

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर मास्तर घरी आले आणि त्यांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. अण्णा गिरणीत टाइमकीपर होते. फाटकावर कामगारानं आपला पितळी बिल्ला दाखवल्याशिवाय ते त्याची हजेरी मांडत नसत. सख्खा शेजारी असला तरी नाही. पुराव्याशिवाय एक रेघ न ओढणारा माणूस. मास्तरांना पोचवायला ते कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले आणि मला काहीच म्हणाले नाहीत. मारलं नाही, विचारलंही नाही. मला जवळ बसवून भाकरी कुस्करून जेवू घातलं. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे, असं मी आपलं धरून चाललो. दुसरं करणार काय?

आठवडाभरानं डबी सापडली. मास्तरांच्या कोटाचा खिसा आतून फाटला होता, डबी अस्तरात घसरली होती. कोट धुवायला घेतला तेव्हा त्यांच्या बायकोच्या हाताला लागली. मी आनंदानं उड्या मारत शाळेत गेलो. आणि मास्तरांनी सगळ्या वर्गापुढं सांगितलं, "बघा रे, तांदळाचा प्रताप! घाबरून गुपचूप आणून ठेवली."

अस्तरात! अंगावरच्या कोटाच्या अस्तरात! मी काय माशी होऊन आत शिरलो होतो? हा प्रश्न वर्गात कुणाला पडला नाही, गल्लीत कुणाला पडला नाही. शेजारची काकू मी आलो की अंगणात वाळत ठेवलेली भांडी आत न्यायची. माझा गुप्तहेर जन्माला आला तो तिथं. लोक मला विचारतात, तुम्हाला ही प्रेरणा कुठून मिळाली? प्रेरणा कसली! माझी नुसती चिडचिड झाली होती आणि ती अजून संपलेली नाही.

शेवटी एकदा मी लिहिलंच तांदळाचं प्रकरण. एका सावकाराचा गडी, नुसत्या भीतीनं तोंड वाळलेला. सगळं घर त्याला चोर ठरवतं आणि माझा गुप्तहेर फाटक्या खिशावरून त्याला सोडवतो. दुसरं कुठलंही पुस्तक मी इतक्या त्वेषानं लिहिलं नाही. छापखान्याचे मालक खूश झाले. "आलं का न्हाय तांदूळ!" म्हणाले. मजकूर त्यांनी वाचला असेल असं मला वाटत नाही.

रविवारी गिरणी बंद. दुपारी ओट्यावर अण्णा चष्मा लावून मोठ्यानं पुस्तक वाचत आणि शेजारपाजारचे ऐकायला बसत. माझी पुस्तकंही तशीच वाचली जात. मी आत लिहायच्या मेजाशी बसून कान देत असे. ही कादंबरी पुरी व्हायला बरेच रविवार गेले. शेवटचं पान संपलं तसा समोरचा विणकर उसळला. घरी तेलुगू बोलणारा, पण भांडायला मराठी. "असं कसं, अण्णा? गडी सुटलाच कसा? तांदूळ कोरडं निघालं की त्येचं!"

माझ्या हातातला टाक थांबला. अण्णा काय म्हणतात यावर माझं सगळं अडलं होतं.

"भ्यालं की तोंड वाळतंयच," अण्णा म्हणाले. "त्यात चोरी कुठनं आली?"

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी! एक सबंध कादंबरी लिहावी लागली, पण झालं काम. मंडळी उठून गेली. अण्णा आत आले, पुस्तक मेजावर ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. असा हात त्यांनी लहानपणीही फारसा फिरवला नव्हता.

"चांगलं लिवलंस," ते म्हणाले. मग जरा थांबून, दार लोटून घेऊन, हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू? आता मोटा झालास म्हणून इचारतो. मास्तरांची ती डबी तू कशापायी घेतली होतीस रं?"

मी टाक खाली ठेवला.

"मी तवाच माफ केलं होतं तुला. कोपऱ्यावर मास्तरांचं पाय धरलं. पोराचं नाव शाळेतनं काडू नगा म्हणलो. पर कशापायी घेतलीस, त्ये कदी कळलं न्हाय."

अंगावरचा कोट, फाटका खिसा, अस्तर, सगळा पुरावा माझ्या जिभेवर होता. ते मास्तरांच्या पाया पडले होते हे मात्र मला माहीत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं. तोंडाला अशी कोरड पडली की जीभ टाळूला चिकटली.

अण्णांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग माठातलं पाणी आणून माझ्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "न्हाय सांगितलंस तरी चालतंय."