सोनाताईचं तुऱ्याचं गवत

दौंडहून सोनाताईचा भाचा आला तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. खांद्यावरची पिशवी न उतरवता तो नुसता उभा राहिला. "मावशी गेली, हमीदाभाभी... परवा सकाळी." म्हणजे सगळं उरकूनही गेलं होतं. त्याला पाणी दिलं.

शिरूरला आमच्या घरामागच्या खोलीत सोनाताई नवऱ्याबरोबर दहा-बारा वर्षं राहिली. मूळची न्हावऱ्याची. रंगनाथभाऊ रस्त्याच्या खडीच्या कामावर होते. सुरुंग अवचित उडाला आणि दोन्ही डोळे गेले. मूलबाळ नव्हतं. ती बसल्या जागी गोधड्या शिवून द्यायची, त्यावर दोघांचं चालायचं. भाऊ माणूस वाईट नव्हते, तिच्यावर कधी हात उगारला नाही. पण अंधाराची त्यांनी अशी धास्ती घेतली होती, की घटकाघटकाला हाक मारायचे, "सोने, हायस का?" तिनं "हाय, हाय" म्हणेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. ती हाक जिथवर ऐकू येईल तेवढंच तिचं जग उरलं. कोपऱ्यावरच्या नळापर्यंत हाक पोचायची नाही, म्हणून तिच्या दोन कळश्या मीच भरून आणायचे.

झाडांचं तिला वेड, पण दोन कळश्यांत झाडाला कुठून घालणार? एकदा कचेरीकडच्या एका बंगल्यातल्या माळ्यानं उपटून टाकलेलं शोभेच्या गवताचं ठोंब मी तिला आणून दिलं. बारीक लांब पाती, भाद्रपदात गुलाबट, मऊ तुरे. नाव ठाऊक नव्हतं. "याला पाणी लागत नाही म्हणे," मी म्हटलं. "मग ह्ये माझंच," ती हसली. खोलीपुढच्या मुरमाड जागेत तिनं ते लावलं. सुरुवातीला भांडी विसळलेलं पाणी घातलं, नंतर तेही नाही. उन्हाळ्यात पिवळं पडलं की मी म्हणायचे, गेलं आता. आणि आषाढात ते बुडातून पुन्हा हिरवं व्हायचं. माघात ती विळ्यानं वीतभर ठेवून कापायची, पावसाच्या तोंडाला ठोंब फोडून शेजारी नवी रांग लावायची. दोन-तीन वर्षांत दारापासून कुंपणापर्यंत तुरेच तुरे झाले.

वारा सुटला की ती पाती सळसळायची आणि भाऊंना वाटायचं, ही इथंच वावरतेय. हाका कमी झाल्या. हे ध्यानात आलं तेव्हा तिनं मला कानात सांगितलं, चोरी केल्यासारखं. मग वारा असला की ती बाहेर पडू लागली... आधी आमच्या ओसरीवर, मग नळापर्यंत, एकदा तर थेट नदीच्या पुलापर्यंत. पळत जायची, पळत यायची. धाप लागलेली असायची, पण चेहरा काय फुललेला दिसायचा!

एका दुपारी ती बाजारात गेली आणि वारा पडला. हाका ऐकून मी मागं धावले, तर खाट रिकामी. भिंत चाचपत भाऊ बाहेर आले होते आणि गवतात मांडी घालून बसले होते. पात्यांनी दोन्ही हात चिरलेले. तेवढ्यात सोनाताई आली. पिशवी तिथंच टाकून तिनं त्यांचे हात धरले. मला वाटलं, आता हे ओरडणार. ते हळू म्हणाले, "मला कळत व्हतं गं. ह्ये गवत हाय, तू न्हाईस... घटकाभर मोकळी हुशील म्हणून गप बसायचो. आज लई भ्या वाटलं."

त्यानंतर ती कुठंच गेली नाही. भाऊ स्वतः म्हणायचे, "जा की, मी बसतो." ती मान हलवायची, ते त्यांना दिसायचं नाही. मला म्हणाली, "भाभी, त्यांना ठावं नव्हतं तवर जाता येत व्हतं. आता पायच उचलत न्हाई." कुणी कोंडून घातलं असतं तर मी तिच्यासाठी भांडले असते. इथं भांडायचं कुणाशी?

भाऊ तापानं गेले. दिवस झाल्यावर मी तिला म्हटलं, "चला, नदीवर जाऊन येऊ." गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि थांबली. मागं कान देऊन उभी राहिली... "तुम्ही व्हा म्होरं," म्हणाली आणि परतली. त्या वर्षी तिनं गवत कापलं नाही. शेवटी बहीण येऊन तिला दौंडला घेऊन गेली. मी एक ठोंब पोत्यात बांधून देऊ लागले, तर म्हणाली, "नगं. तिथं मला कुणाला फसवायचंय?"

मागल्या आठवड्यात मी त्या बहिणीकडं जाऊन आले. रेल्वे लाइनीलगतचं दोन खोल्यांचं घर, इंजिनांच्या धुरानं काळवंडलेलं. दाराशेजारी सोनाताईची बाज अजून तशीच होती. "थंडीत बी दार लावू द्यायची न्हाई," बहीण सांगत होती. "लावलं की उठून बसायची. नुसती दाराकडं बघायची. मग आम्ही समदी तशीच कुडकुडत झोपायचो."

गाडीची वेळ झाली म्हणून उठले. बाहेर पडताना सवयीनं दार मागं ओढून घेतलं. आतून बहिणीचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या भाभी... उघडंच ऱ्हाऊ द्या."